रंग बघितले, वायर बघितली नाही

गणपतीला गावी गेलो होतो. गाडी पाच दिवस अंगणात उभी. निघायच्या दिवशी सामान भरलं, आई पुढच्या सीटवर बसली, चावी फिरवली तर नुसतं कट-कट. सहा महिन्यांची नवी गाडी आणि बॅटरी डाउन! शेजारच्या टेम्पोवाल्याने जंपर केबल लावून दिली म्हणून त्या दिवशी निघता आलं.

पुण्यात ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये मल्टिमीटर जोडला आणि गाडी लॉक करून अर्धा तास थांबायला लावलं. गाडीतल्या कंट्रोल युनिटना झोपी जायला वेळ लागतो. बंद गाडी साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत करंट खाते. माझी 230 खात होती. रंगीत दिव्यांचा फ्यूज काढला, आकडा 40 वर आला. हिशेब सरळ आहे: 230 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला साडेपाच अँपिअर-अवर, पाच दिवसांत 27 च्या वर. बॅटरी होती 35 ची.

हे दिवे मी हौसेने बसवले होते. मोबाइलवरून बदलणारे 64 रंग. डॅशबोर्डला, चारही दारांना, पायाशी. छतालाही हवेत, हा हट्ट माझाच. दुकानात दोन तासांत काम झालं, तोवर मी समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो. मोबाइलच्या सिग्नलची सतत वाट बघणारा दिव्यांचा कंट्रोलर दुकानातल्या फिटरने चावी काढल्यावरही जिवंत राहणाऱ्या लाइनवर जोडला होता. चावीबरोबर बंद होणारी लाइन त्याच फ्यूजबॉक्समध्ये होती.

पण बॅटरी ही किरकोळ गोष्ट. छतापर्यंत वायर कुठून नेली ते बघायला इलेक्ट्रिशियनने पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाची ट्रिम काढली. वायर पडदा एअरबॅगच्या घडीवरून आडवी गेली होती. ही एअरबॅग धडकेनंतर सेकंदाच्या काही शतांशांत खिडकीवर खाली उघडते. तिच्या वाटेत वायर असेल तर ती अडकू शकते, वायर तुटून उडू शकते. ट्रिम धरून ठेवणारी क्लिपही मोडलेली होती. एअरबॅग उघडताना ट्रिम सुटून अंगावर येऊ नये म्हणून ती क्लिप असते. त्या खिडकीशी आई बसते. ते बघून माझे हातपाय गार पडले.

आणखी एक चूक फिटरची नव्हती, माझी होती. गावी जाताना ताम्हिणी घाटात रात्री निळा रंग पूर्ण उजेडात ठेवला, मुलांना आवडतो म्हणून. पाऊस, धुकं, आणि समोरच्या काचेत डॅशबोर्डची निळी रेघ. वळणावर बसलेली म्हैस मला फार उशिरा दिसली. ब्रेक लागला म्हणून निभावलं. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि अंधारात काम करणाऱ्या पेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वांत हळव्या असतात, गडद लालला सर्वांत कमी. त्यामुळे घाटात दिवे बंदच बरे. लावलेच तर लाल किंवा अंबर, अगदी मंद.

दिवे लावूच नयेत असं मी म्हणत नाही. माझ्या गाडीत अजून आहेत, छताची पट्टी सोडून. पण काम चालू असताना तिथून हलू नका. कंपनीची वायर सोलू देऊ नका. फ्यूज टॅप लावून चावीवरच्या लाइनवर वेगळ्या छोट्या फ्यूजने जोडणी घ्या. साधी इन्सुलेशन टेप उन्हात तापून सुटते, म्हणून जोडांवर हीट श्रिंक नळी मागा. ब्रेक-क्लचजवळ वायर लोंबत नाही ना, हे स्वतः वाकून, हात घालून बघा. पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात. फिटरचा हात तिकडे गेला तर काम थांबवा. ट्रिम बसवण्याआधी प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि गाडी ताब्यात घेताना मल्टिमीटरचं रीडिंग मागा. जो दुकानदार यावर वैतागेल, त्याच्याकडे काम देऊ नका. पक्कं बिल घ्या आणि विमा कंपनीला कळवा. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात.

आणि दुकानात जाण्याआधी गाडीच्या मॅन्युअलमधलं एअरबॅगच्या जागा दाखवणारं पान उघडा. ते फिटरला दाखवा, मगच त्याला ट्रिमला हात लावू द्या.