राष्ट्रपती भवनातल्या पहाऱ्याची कागदपत्रं: जपायला किती खर्च येतो?

राष्ट्रपती भवनाच्या समारंभात दोन तुकड्या दिसतात. घोड्यांवरचे राष्ट्रपतींचे अंगरक्षक १७७३ पासूनचे. वॉरन हेस्टिंग्जने बनारसला उभं केलेलं ते दल. दुसरी पायदळाची गार्ड बटालियन. ही कायमची नसते. वेगवेगळ्या रेजिमेंटच्या पलटणी आळीपाळीने तिथे येतात आणि मुदत संपली की पुढच्या ठिकाणी जातात. म्हणून अशा जवानाच्या घरी त्या दिवसांचं फारसं काही उरत नाही: भिंतीवरचा ग्रुप फोटो, ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ), पदकं आणि चार पत्रं.

‘सरकारकडे सगळं असेलच’ हा समज इथे नडतो. पेन्शन न मिळणाऱ्या सैनिकाची सेवा-कागदपत्रं निवृत्तीनंतर २५ वर्षांनी नष्ट करण्याची लष्कराच्या नियमांत तरतूद आहे. मागे राहते ती लाँग रोल नावाच्या नोंदवहीतली जुजबी नोंद. नाव, नंबर, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख यापलीकडे तिच्यातून फारसं हाती लागत नाही. म्हणजे काही वर्षांनी तुमच्या ट्रंकेतली प्रत हीच एकमेव प्रत ठरू शकते.

पहिलं काम फुकट आहे आणि त्यालाच सर्वांत घाई आहे. ग्रुप फोटोची झेरॉक्स काढा, प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि घरच्या जवानाकडून, नाहीतर त्याच्या पलटणीतल्या मित्राकडून, नावं लिहून घ्या. हुद्दा, गाव, साल, कुठल्या समारंभाचा फोटो, जे आठवेल ते. मूळ फोटोच्या पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. ऐंशीतल्या सुभेदारसाहेबांना नावं आठवतात तोवर हे उरकून घ्यावं. नंतर कितीही पैसे मोजले तरी ती माहिती मिळत नाही.

मग स्कॅनिंग. दुकानात पानाला साधारण ५ ते २० रुपये पडतात. साठ पानांचे सहाशे धरा. कागद ३०० डीपीआयला, फोटो ६०० ला, आणि काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करायला सांगा, म्हणजे डाग आणि शाई वेगळी दिसते. डिस्चार्ज बुकाचं कव्हर आणि शिक्क्यांची पानंही सोडू नका. स्वतःचा फ्लॅटबेड स्कॅनर पाच-सहा हजारांपासून मिळतो, पण तो घ्यायचा तर भावकीतल्या चार घरांनी मिळून घ्यावा. ‘फोटो नवा करून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला मूळ स्कॅन आधी जसाच्या तसा मागा. हल्ली एआयने उजळलेल्या फोटोत चेहरा बदलतो, आणि छातीवर कधीच न मिळालेली पदकंसुद्धा उगवतात.

प्रती दोन ठिकाणी हव्यात. दोन पेनड्राइव्हचे मिळून हजारभर रुपये, एक घरी आणि एक मुलीकडे. डिजिलॉकरमध्ये १ जीबी जागा फुकट आहे, गूगलवर १५ जीबी. त्याहून जास्त लागली तर १०० जीबीला वर्षाला १,३०० रुपये, पण एवढ्या कागदांना ती लागत नाही. पीपीओ, आधार आणि बँकेचे आकडे असलेली पानं मात्र गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

मूळ कागद जपायला पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या आणि पुठ्ठ्याची खोकी लागतात. आम्लरहित मिळाली तर उत्तम. घरापुरती सामग्री पाचशे ते आठशे रुपयांत होते. साध्या पीव्हीसीच्या पिशव्या आणि चिकट पानांचे अल्बम टाळा. फोटो त्यांना चिकटून बसतो. टाचण्या आणि स्टेपल आधी काढा, गंज कागदात उतरतो. खोकं कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेली ट्रंक कोकणात एका पावसाळ्यात ओल धरते.

लॅमिनेशन करू नका. तीस-चाळीस रुपयांत कागद चकचकीत होतो, पण उष्णतेने वितळलेला चिकट थर पुन्हा निघत नाही. पदकांनाही ब्रासो लावू नका. कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. घासून घासून तेच आधी पुसट होतं, आणि तीही एक नोंदच आहे.

कागद गहाळ असेल तर डिस्चार्ज बुकात, नाहीतर जुन्या पत्रव्यवहारात रेकॉर्ड ऑफिसचं नाव बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, गार्ड्स ब्रिगेडचं कामठीला. ही ब्रिगेड नावाने ‘गार्ड्स’ असली तरी समारंभी तुकडी नव्हे, तेव्हा पत्ता टाकताना गल्लत नको. माजी सैनिकाने आर्मी नंबर घालून साधा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा, खर्च टपालाचाच. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार: अर्जाला १० रुपये, ए-फोर पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि पहिल्या अपिलाला पैसे पडत नाहीत. जवान हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडा.

डुप्लिकेट डिस्चार्ज बुक काढून देतो म्हणून हजारो मागणारे एजंट भेटतात. त्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मार्गदर्शनाचे पैसे तिथे लागत नाहीत. बायकोचं नाव किंवा मुलांच्या जन्मतारखा कागदोकागदी वेगळ्या असतील, तर दुरुस्ती जवान हयात असतानाच करून घ्या. कुटुंब पेन्शनच्या वेळी अडतं ते इथेच.

वाळवी लागलेला किंवा घड्यांवर फाटलेला कागद सेलोटेपने जोडू नका. असं काम करणारे तज्ज्ञ आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र त्यासाठी ओळखलं जातं. तिथे किंवा कुठेही काम देण्याआधी लेखी अंदाज घ्या. सगळं पुडकं नेऊ नका, ज्याला खरंच गरज आहे तेवढंच न्या.

स्वतःचा स्कॅनर सोडला तर बाकी सारं मिळून अडीच हजारांच्या आत बसतं. वरच्या किमती ढोबळ आहेत, गावागणिक फरक पडेल. चांगल्या फ्रेमलाच तेवढे घालवणारी घरं असतात, आणि आत फोटोतल्या माणसांची नावं कुणाला ठाऊक नसतात.

पुढे मूळ वस्तू रेजिमेंटच्या संग्रहालयाला द्यायच्या झाल्या, तर एकेका वस्तूची यादी करून पोच घ्या. भेट आहे की उसनी, हे त्या पोचेवर लिहून घ्यायला विसरू नका.