'झोपडपट्टी' हा शब्द कसा झाला?



मैदानावर भांडण झाले की 'झोपडपट्टीवाला' हा शब्द शिवीसारखा कानावर येतो. म्हणून या अंकात आपण हाच शब्द अभ्यासाला घेऊ.

'झोपडी' आणि 'पट्टी' मिळून हा सामासिक शब्द झाला. 'घोडा' आणि 'दौड' मिळून 'घोडदौड' होते, तसा येथेही पहिल्या शब्दाचा शेवटचा स्वर गळाला. पट्टी म्हणजे लांबट, अरुंद तुकडा. रेल्वे रुळालगत, नाल्याच्या काठाने झोपड्यांच्या रांगा लागल्या की अशी पट्टीच दिसते. झोपण्याची जागा ती झोपडी, असे काही जण सांगतात. आम्हांस ते पटत नाही. हिंदीत झोपेला 'नींद' म्हणतात, तरी तिथेही 'झोंपड़ी' आहेच.

कन्नडमध्ये 'कोळगेरी' म्हणतात. 'कोळे' म्हणजे घाण आणि 'केरी' म्हणजे गल्ली, वस्ती. 'मळे' व 'काल' यांचे 'मळेगाल' होते, तसाच येथे 'क'चा 'ग' झाला. कन्नडच्या तासाला शिकलेली आदेश संधी ती हीच. म्हणजे मराठीने घर पाहिले आणि कन्नडने घाण पाहिली! इंग्रजी 'स्लम' हा तर दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या चोरट्या बोलीतला शब्द. त्याचा अर्थ होता नुसती खोली.

पण ही घाण कोणाची? महाराष्ट्राचा 1971 चा आणि आपल्या कर्नाटकाचा 1973 चा कायदा या विषयावर आहे. दोन्हींत दोष जागेचा आणि सोयींचा सांगितला आहे, राहणाऱ्यांच्या स्वभावाचा नाही. 2011 च्या जनगणनेत तर मोजमापच ठरले: किमान 300 लोक किंवा 60 ते 70 कुटुंबे, दाटीची कच्ची घरे, पिण्याचे पाणी व संडास-गटार अपुरे. नळ आणि गटार आणणे हे नगरपालिकेचे काम. त्याचा दोष तिथल्या मुलाच्या नावाला चिकटवला जातो. पालकांनी घरातल्या बोलण्याकडेही लक्ष द्यावे, कारण मुले हा शब्द पुस्तकातून उचलत नाहीत.

'वस्ती' हा शब्द मात्र निर्मळ आहे. संस्कृत 'वस्' म्हणजे राहणे, एवढेच त्यात आहे.

स्वाध्याय: आपल्या भागात लमाणी तांडे पुष्कळ आहेत. 'तांडा' म्हणजे पूर्वी बैलांवर माल लादून चालणारा काफिला. चालत्या काफिल्याचे नाव एका जागी राहणाऱ्या वस्तीला कसे पडले असेल, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणावे.