आजोबांची रॅले मूळ रूपात कशी आणू?

प्रश्न : आजोबांची तीन गिअरची रॅले सायकल अडगळीत सापडली. मूळ रूपात कशी आणू?
– एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : आधी मागच्या हबवरची काजळी रॉकेलच्या फडक्याने पुसा. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या या गिअर-हबवर बहुधा आकडे कोरलेले दिसतील. '५६ ७' म्हणजे जुलै १९५६. चाक बदललेले नसेल, तर सायकलही त्याच सुमाराची. सुटे भाग त्याच काळातले शोधा. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेत बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलची धुरी बसते तो भाग) कपाला इंचाला २६ आटे असतात, इतर ब्रिटिश सायकलींना सहसा २४. २४ आट्यांचा कप जोर लावून बसवलात, तर फ्रेमचे आटे कायमचे जातील. क्रँक धुरीला धरून ठेवणाऱ्या कॉटर पिनवर हातोडा मारण्याआधी रात्रभर तेल मुरू द्या. आणि मूळ रंग खरवडू नका. तो पुन्हा मिळत नाही.