जुनी मोटारसायकल आणि कच्ची वाट

मोटोक्रॉस हा शब्द आपल्यापैकी अनेकांना नवा असेल. चिखल, चढउतार आणि उंचवटे असलेल्या कच्च्या मैदानावरची मोटारसायकलींची शर्यत म्हणजे मोटोक्रॉस. इंग्लंडमध्ये कॅम्बर्ली येथे १९२४ साली झालेल्या शर्यतीपासून या खेळाचा उगम मानतात. १९६४ साली बेल्जियमच्या जोएल रोबेरने तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील सीझेड गाडीवर २५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद जिंकले. त्याच देशातली, त्याच दोन-स्ट्रोक घराण्यातली दुसरी गाडी म्हणजे जावा. ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून म्हैसूरला तयार होऊ लागली, १९७३ पासून येझदी म्हणून विकली गेली आणि १९९६ साली तो कारखाना बंद झाला.

अशीच एक येझदी आमच्या वस्तीवर आहे. अण्णांनी ती जुनीच घेतली होती. नातेपुत्याला दूध घालण्यासाठी कालव्याच्या कडेची वाट आणि ओढा हेच तिचे मैदान. गेल्या वर्षी भंगारवाला दोनदा येऊन गेला. माझ्या फीचा प्रश्न होताच. अण्णा म्हणाले, "तुला चालवाय येत आसंल तर ऱ्हाऊ दे, न्हायतर इकू." म्हणून मी शिकायला लागलो.

पहिली गंमत किकची. या गाडीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाल्यावर पूर्ववत केला की गिअर. दुसरी गोष्ट तेलाची. या गाडीच्या दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो. म्हणूनच शिखर शिंगणापूरचा घाट उतरताना थ्रॉटल सतत बंद ठेवून चालत नाही. पेट्रोल थांबले की त्याबरोबरचे तेलही थांबते. शिवाय अशा इंजिनाचा उतारावर फारसा अडसर होत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.

ब्रेक ड्रमचे. ओढ्यातून निघाल्यावर ते ओले होऊन लागत नाहीत, हे मला कुणी सांगितले नव्हते. पलीकडच्या बांधावर जाऊन आदळलो तेव्हा समजले. अण्णा हसले नाहीत. ओढा ओलांडला की ब्रेक हलका दाबून थोडे अंतर जायचे, म्हणजे ड्रम तापून सुकतो, एवढेच त्यांनी सांगितले.

जुन्या मोटोक्रॉस गाड्यांचेही असेच होते. त्यांचे शॉकअप फार थोडे दबत. १९७३ साली यामाहाने मागे एकच लांब हालचालीचा शॉकअप दिलेली शर्यतीची गाडी उतरवली, आणि त्यानंतर गाड्या उंच उड्या सहज पेलू लागल्या. तोवर स्वाराचे गुडघे हेच खरे शॉकअप. फूटरेस्टवर उभे राहायचे, गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल सोडायचे. अण्णा खड्ड्यांतून कॅन घेऊन नेमके तसेच जातात. मोटोक्रॉस हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही.

आजच्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत यात शंका नाही. २०२२ साली येझदी हे नाव परत आले तेही चार-स्ट्रोक इंजिनावर. मग जुनीचे आकर्षण कशात? नवी गाडी स्वाराच्या चुका सांभाळून घेते, जुनी त्या लगेच दाखवून देते. तिच्यावर बसणाऱ्याला तिचा आवाज, वास आणि थरथर यांकडे लक्ष द्यावेच लागते.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला. दोन-स्ट्रोकची व्याख्या मी वहीत लिहू शकतो. अण्णांना ती येत नाही, पण थंडीत तिसऱ्या किकला गाडी त्यांच्याच पायाने सुरू होते. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही, आणि गाडी भंगारात गेली की तीही जाईल. ज्यांच्या दारात अशी गाडी असेल त्यांनी विकण्याआधी एकदा घरच्या माणसाकडून ती शिकून घ्यावी. आमची अजून दारात आहे. मला मात्र अजून पाच-सहा किका लागतात.