रांजण भरणारे

शास्त्रपाठ : योहान 2:1-11, 2 राजे 5:1-14, प्रेषितांची कृत्ये 9:10-19



काना गावच्या लग्नाची कथा आपण शब्बाथ शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. द्राक्षारस संपला, मरीयेने ती गोष्ट प्रभूच्या कानी घातली, प्रभूने आपले पहिले चिन्ह केले व शिष्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, एवढे आपल्या ध्यानात राहते. परंतु त्या दिवशी सर्वांत अधिक श्रम ज्यांनी केले त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तेथे दगडाचे सहा रांजण होते. हल्लीच्या मापाने एकेका रांजणात साधारणपणे 80 ते 120 लिटर पाणी मावत असावे, म्हणजे सहांत मिळून 500 ते 700 लिटर. त्या घरी नळ नव्हता. घागरीमागून घागर वाहून आणावी लागली असेल. पाहुणे खोळंबलेले, द्राक्षारसाची वाण पडलेली, आणि अशा वेळी पाणी भरण्याची आज्ञा! पाणी तर कोणी मागितलेच नव्हते. तरी योहान सांगतो की सेवकांनी रांजण काठोकाठ भरले. अर्धेमुर्धे भरून ते थांबले असते, तरी त्या गर्दीत त्यांना कोणी जाब विचारला नसता.

त्याच उताऱ्यातील नववे वचन अवश्य पाहा. तो द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला समजले नाही, वराला तर काहीच ठाऊक नव्हते. पाणी काढणाऱ्या सेवकांना मात्र ते ठाऊक होते. त्यांची नावे शुभवर्तमानात नाहीत. त्यांनी उपदेश केला नाही, प्रार्थना केल्याचाही उल्लेख नाही. सांगितले तेवढे केले, आणि प्रभूच्या गौरवाचे पहिले साक्षी तेच ठरले.

हा पाठ मी जबलपुराहून लिहीत आहे. या नगरात 1923 पासून लिओनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. पाळक व शिक्षक घडविणारी ही नामांकित संस्था आहे आणि तिच्याविषयी आम्हा जबलपूरकरांना योग्य तो अभिमान वाटतो. परंतु अशी संस्था शेजारी असली की सामान्य सभासदाच्या मनात एक सोयीचा विचारही रुजतो. देवाचे काम ते त्या फाटकातून शिकून बाहेर पडणाऱ्यांचे. आपण दानपात्रात आपला वाटा टाकला व रविवारी बाकावर जागा घेतली की झाले! हा विचार नम्रतेचा वेष घेऊन येतो. ‘मी कोण सामान्य मनुष्य?’ असे आपण म्हणतो तेव्हा ते ऐकायला गोड लागते. खरे पाहता अनेकदा त्यात नम्रता नसते, सुटका करून घेण्याची इच्छा असते.

नामानाची कथा या ठिकाणी फार उपयोगी पडते. अरामाच्या सेनापतीच्या घरी इस्राएल देशातून धरून आणलेली एक लहान मुलगी दासी म्हणून राबत होती. ज्याच्या सैन्याने तिला आईबापांपासून तोडले, त्याच्या कोडाविषयी ती आपल्या धनिणीजवळ एक वाक्य बोलली. एकच वाक्य, आणि त्यानंतर ती कथेतून नाहीशी होते. पुढे अलीशाच्या दारी नामान संतापून माघारी फिरला, तेव्हा त्याला वळविले तेही त्याच्या चाकरांनीच. संदेष्ट्याने एखादे अवघड काम सांगितले असते तर आपण ते केले असते, मग हे सोपे का करू नये, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आपलेही नामानासारखेच असते. अवघड कामाची आपल्याला भीती वाटत नाही, उलट त्याचे आकर्षण असते, कारण त्यात आपला मोठेपणा दिसतो. सोप्या आज्ञेत तो दिसत नाही. शेजाऱ्याशी धरलेला अबोला सोडावा, उसने आणलेले परत करावे, आजाऱ्यापाशी अर्धा तास बसावे. येथेच आपला पाय अडखळतो.

जबलपूर हे रेल्वेच्या इतिहासात प्रसिद्ध स्थानक आहे. 1870 मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग व अलाहाबादेकडून आलेला लोहमार्ग येथे जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता प्रवास सलग झाला. गाड्यांचा खडखडाट ऐकत राहणाऱ्या आम्हा लोकांना आगगाडीतील एक गोष्ट विशेष जवळची वाटते. ती घडली मात्र जबलपूरच्या मार्गावर नव्हे, नागपूर व राजनांदगाव यांच्या दरम्यान.

1893 साली नारायण वामन टिळक त्या गाडीने चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. संस्कृत काव्याविषयी बोलणे निघाले व ओघाने धर्माविषयीही. शेवटी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवून ती वाचण्याचा आग्रह केला आणि आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असेही ते म्हणाले. दोघांनी एकमेकांची नावेसुद्धा विचारली नाहीत असे सांगतात. टिळकांनी वाचण्याचे वचन दिले होते, ते त्यांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या गृहस्थांचे भाकीत खरे ठरले म्हणून आपण त्याचे अनुकरण करू नये. सहप्रवाशाला मुदत घालून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. अनुकरण करायचे ते दुसऱ्या गोष्टीचे. त्यांनी समोरच्या मनुष्याचे ऐकून घेतले, त्याच्या आवडीच्या विषयावर त्याच्याशी आदराने बोलले आणि जवळ होते ते दिले. मग गाडी मुक्कामाला पोहोचली. मराठी मंडळी आज टिळकांची भजने गाते. ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून अपुरे राहिले, तरी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. ‘स्मृतिचित्रे’ तर साऱ्या महाराष्ट्राचा ठेवा झाले. या सर्वांच्या मुळाशी डब्यातील ती एक भेट आहे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. टिळकांच्या आज्ञापालनाची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली. कित्येक वर्षांची ताटातूट, नातलगांचे बोल आणि मनाची ओढाताण त्यांनी सोसली. 1900 मध्ये त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो त्या साऱ्यातून स्वतःच्या पायांनी चालून आल्यावर. आज्ञापालन सोपे असते असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की ते समजायला सोपे असते.

आता पुन्हा आमच्या प्रांताकडे वळू. 1896-97 च्या दुष्काळाने त्या वेळच्या मध्य प्रांताची दैना केली. जबलपूर विभाग व नर्मदेच्या खोऱ्यातील जिल्हे त्यात फार होरपळले. पुण्यास ही वार्ता पंडिता रमाबाईंच्या कानी आली. शारदासदनाचा भार त्यांच्या शिरावर होताच, आणि शेकडो तोंडांना पुरेल असा पैसा हाताशी नव्हता. परंतु उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांच्या तरुणपणी दुष्काळानेच त्यांचे आईबाप हिरावून नेले होते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या व निराधार मुली घेऊन परतल्या. हळूहळू त्यांची संख्या सुमारे 300 झाली. पुण्यात तेव्हा प्लेगाचे निर्बंध होते, म्हणून मुलींची सोय केडगावच्या माळावर करावी लागली. तेथेच पुढे मुक्ती मिशन उभे राहिले.

रमाबाईंचे नाव जगभर झाले, ते योग्यच आहे. तथापि 300 मुलींना एकटी बाई न्हाऊ घालू शकत नाही. त्यांच्या केसांतल्या उवा कोणी काढल्या असतील? अंगावरच्या जखमा कोणी धुतल्या असतील, रात्री दचकून उठणाऱ्या मुलींपाशी कोण बसले असेल? हे सारे सदनातल्या मोठ्या मुलींच्या व शिक्षिकांच्या वाट्याला आले असणार, आणि त्यांच्यातील अनेकजणींना समाजाने विधवा म्हणून कोपऱ्यात बसविले होते. पुढे 1900 च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनी मुली आणण्यासाठी आपल्या सहकारी स्त्रियांना पाठविले. रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांतून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, पूर्ण प्रसिद्ध झाले. त्याचीही छपाई केडगावी मुक्तीतल्या स्त्रियांच्याच हातून झाली. एकेक खिळा उचलून जुळविणाऱ्या त्या बोटांना नावे नाहीत. कानाच्या सेवकांचीच ही बहीणभावंडे म्हणायची.

वाचकांपैकी काहीजण म्हणतील, हे सर्व खरे, पण आजच्या दिवसांत शेजाऱ्याच्या दारी जायलाच भीती वाटते. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयी 1968 पासून कायदा होता; 2021 मध्ये त्याच्या जागी नवा व अधिक कडक कायदा आला. आमच्या मंडळ्यांतून ही चिंता मी वारंवार ऐकतो आणि तिला हसण्यावारी नेत नाही. रमाबाईंवरही 1893 मध्ये असाच रोष आला व पालकांनी सदनातून मुली काढून नेल्या होत्या. परंतु एक गोष्ट स्पष्ट असू द्या. सेवा हे आमिष नव्हे. ती आमिष म्हणून केली तर कायद्याच्या अगोदर प्रभूच आपल्याला दोषी ठरवील. तहानलेल्याला पाणी देण्याचे कारण तो तहानलेला आहे, एवढेच असावे. हनन्याही भ्याला होता आणि शौलाविषयीचे आपले गाऱ्हाणे त्याने प्रभूपुढे मांडले. मग तो उठला, नीट नावाच्या रस्त्यावरील त्या घरी गेला आणि वैऱ्याला भाऊ म्हणून त्याने हाक मारली.

22 मे 1997 च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, जबलपूर हादरले. कोसमघाटाकडील गावांत फार नाश झाला. शहरातही घरे पडली, भिंतींना भेगा गेल्या व पुढे कित्येक रात्री लोक उघड्यावर निजले. आम्ही काही मंडळींनी मदतीसाठी समिती नेमली. मी तिचा चिटणीस होतो. गरजूंची यादी कशी करावी, अर्जाचा नमुना हिंदीत असावा की इंग्रजीत, यावर आमच्या तीन बैठका झाल्या. नमुना फार चांगला तयार झाला होता. तोवर पंधरा दिवस उलटले.

आमच्या मंडळीत एक वृद्ध मावशी होत्या. मराठी घरातल्या, परंतु सारा जन्म जबलपुरात गेल्याने बोलताना अर्धी हिंदी मिसळणाऱ्या. त्यांच्या अंगणात हातपंप होता. भूकंपानंतर आळीतले नळ बंद पडले, तेव्हा त्यांनी फाटकाची कडी काढून ठेवली. लोक पहाटेपासून बादल्या घेऊन येत. ज्यांना येववत नव्हते त्यांच्याकडे मावशी नातवाच्या हाती पाणी पाठवीत, आणि पहिली घागर जाई ती पलीकडच्या घरी. त्या घराशी कुंपणाच्या भिंतीवरून त्यांचा कोर्टात दावा चालू होता, हे साऱ्या आळीला ठाऊक होते.

समितीचा अहवाल लिहिताना मी त्यांच्याकडे गेलो व हे कसे सुचले असे विचारले. एखादे वचन त्या सांगतील आणि ते अहवालाच्या आरंभी घालता येईल, अशी माझी अपेक्षा होती. मावशी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, पंप माझ्या अंगणात होता ना.”

दावा पुढे बरीच वर्षे चालला आणि निकाल मावशींच्या विरुद्ध लागला. त्या संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा पलीकडच्या घरची सून पंपावर पाणी भरत होती.