लॉज कुठे उभे राहतात?

मॅथ्सच्या पेपरात पॉयसन डिस्ट्रिब्यूशन आपण मार्कांपुरतं शिकतो. पण एखाद्या गावात लॉज किती, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. उत्तर ०, १, २ असंच येणार, अर्धा लॉज नसतो. म्हणून इथे सरळ रेषेऐवजी पॉयसन रिग्रेशन लावतात. रस्ता, बाजार, बसस्टँड, जंगल हे झाले व्हेरिएबल्स.

गोम अशी की पॉयसन प्रत्येक गाव स्वतंत्र मानतं. प्रत्यक्षात एक लॉज चालला की शेजारी दुसरा येतो. हा शेजार मोजायला मोरान यांनी १९५० मध्ये एक निर्देशांक दिला. समजा रस्त्यावर ओळीने चार गावं आहेत आणि लॉज ८, ६, १, १. सरासरी ४, फरक ४, २, −३, −३. लगतच्या जोड्यांचे गुणाकार ८, −६, ९, बेरीज ११. प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी धरायची, म्हणजे जोड्या ६ आणि बेरीज २२. फरकांच्या वर्गांची बेरीज ३८. निर्देशांक (४/६) × (२२/३८) = ०.३९. तेच आकडे ८, १, ६, १ असे मांडले तर −०.८४! सरासरी तीच, नकाशा वेगळा.

आता आपल्याकडे या. मोहर्ली, कोलारा ही ताडोबाची गेटं. तिथे जंगल जवळ म्हणजे खोल्या जास्त. मुलचेरा तालुक्यातही जंगल आहे, चपराळा अभयारण्यही लांब नाही, पण ताडोबासारखी गर्दी नाही. दोन्ही जिल्ह्यांना जंगलाचा एकच गुणांक दिला तर अधिक-उणे मिसळून 'जंगलाचा परिणाम नाही' असं निघू शकतं, जे दोन्हीकडे खोटं. यासाठी १९९६ साली जागेप्रमाणे गुणांक बदलणारं रिग्रेशन आलं.

मला जास्त खटकतं ते शून्य. मुलचेऱ्याला रेल्वे नाही. कामासाठी आलेल्या माणसाची शेवटची एसटी चुकली तर तो ओळखीच्याकडे नाहीतर सरकारी विश्रामगृहात झोपतो. लॉजच्या यादीत याची नोंद कुठे? मॉडेलला वाटतं कोणी येतच नाही. ते पाहून बँकेने कर्ज नाकारलं की शून्य तसंच राहतं! शून्य दोन प्रकारचं धरणारी मॉडेल्स आहेत, पण हे शून्य गरज नसल्याचं की सोय नसल्याचं, हे लॉजच्या यादीवरून कळणार नाही. त्यासाठी गावोगावच्या शेवटच्या एसटीची वेळ, मुक्कामी गाड्या आणि विश्रामगृहाचं रजिस्टर बघायला हवं. एसटीचं वेळापत्रक तर डेपोत लावलेलंच असतं, सुरुवात तिथून करता येईल.