मेंदूचा अहवाल हाती आल्यावर

सत्तरीकडे झुकलेल्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय काढला आणि अहवालात झीज झाल्याचा शेरा आला, की घरची मंडळी त्या माणसाकडे ज्या नजरेने पाहू लागतात ती नजर कित्येकदा त्या झिजेइतकाच अपाय करते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. आणि ज्या कुटुंबांवर असा प्रसंग पुढे यावयाचा आहे त्यांना तो सावधपणे निभावता यावा, एवढ्यासाठी थोरल्या बंधूंची हकीकत येथे मांडत आहे.

दादा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. तालुक्यातील फेरफारांच्या नोंदी, कुळांची नावे, हद्दीचे जुने तंटे त्यांना मुखोद्गत असत. अशा माणसाला शेजाऱ्याचे नाव आठवेना, बोलता बोलता शब्द सापडेना, चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा मुलांनी तपासणी करविली, आणि करड्या द्रव्याचे आकारमान वयाच्या मानाने घटले आहे असा अहवाल आला. तो घरात एखाद्या कोर्टाच्या फैसल्यासारखा वाचला गेला. लवकरच मुखत्यारपत्राचा मसुदा तयार झाला, पासबुके मुलांच्या ताब्यात गेली, एकट्याने बाजारात जाण्यास मनाई झाली, आणि ज्यांनी उभी हयात इतरांचे दस्तऐवज तपासण्यात घालविली त्यांच्यापुढे कागद ठेवून “दादा, इथे फक्त सही करा” असे सांगण्यात येऊ लागले. मुलांचा हेतू निर्मळ होता, हे मी जाणतो. तथापि दादा दिवसेंदिवस अबोल होत गेले, आणि त्यांचा अबोलपणा हा रोगाचाच पुरावा मानला गेला.

वस्तुतः त्या शेऱ्याचा अर्थ किती मर्यादित असतो हे त्या घरात कोणी समजावून सांगितलेच नाही. चेतापेशींची मुख्य अंगे आणि त्यांना परस्परांशी जोडणारी संपर्कस्थाने ज्यात दाटलेली असतात ते करडे द्रव्य; त्याचा पातळ थर मेंदूच्या वळ्यांवर पसरलेला असतो. एमआरआय पेशींची गणती करीत नाही. चित्रातील छटांवरून संगणक प्रत्येक बिंदू करडा की श्वेत हे ठरवितो, आणि रुग्णाने यंत्रात डोके किंचित हलविले तरी हे आकारमान प्रत्यक्षाहून कमी भरू शकते. जॉन ॲशबर्नर आणि कार्ल फ्रिस्टन यांनी 2000 साली सविस्तर मांडलेल्या पद्धतीमुळे असंख्य मेंदूंची बिंदूगणिक तुलना शक्य झाली, आणि उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्यपान, दीर्घकालीन नैराश्य यांच्याशी करड्या द्रव्याच्या घटीचा संबंध वारंवार आढळून आला. परंतु तो संबंध समूहांच्या सरासरीतला आहे. निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की केवळ आकड्यावरून एका व्यक्तीचे भवितव्य सांगता येत नाही. शिवाय ‘वयाच्या मानाने’ म्हणजे कोणाच्या मानाने, हाही प्रश्न उरतो. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने 2019 साली शंभर भारतीयांच्या मेंदूंवरून जो नकाशा सिद्ध केला, त्यात आपल्याकडील मेंदूचे सरासरी आकारमान पाश्चात्त्य, चिनी व कोरियन नकाशांतील मेंदूंहून कमी आढळले.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घट म्हणजे ऱ्हासच, हे समीकरण खरे नव्हे. किशोरवयात करडे द्रव्य स्वाभाविकपणे कमी होते; गरोदरपणातही ते घटते आणि ती घट प्रसूतीनंतर निदान दोन वर्षे टिकते, असे स्पेनमधील संशोधकांनी दाखविले, आणि त्या मातांची स्मरणशक्ती खालावल्याचे त्यांना आढळले नाही.

दादांच्या बाबतीत सुदैवाने एका वयस्क वैद्यकतज्ज्ञाने फिल्म बाजूला ठेवून प्रथम आहार आणि औषधे विचारली. दादा आजन्म शाकाहारी, आणि मधुमेहासाठी कित्येक वर्षे मेटफॉर्मिन घेणारे. या औषधाच्या दीर्घ सेवनाने बी-12 जीवनसत्त्वाचे शोषण मंदावते. रक्तात ते अत्यल्प निघाले. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी ही कमतरता आपल्या समाजात किती सर्रास आहे हे फार पूर्वीच दाखवून दिले आहे. आणि ऑक्सफर्डच्या 2010 सालच्या अभ्यासात, स्मृती किंचित मंदावलेल्या वृद्धांना ब-गटातील जीवनसत्त्वे दिल्यावर मेंदूची झीज मंदावल्याचे, आणि ही जीवनसत्त्वे कमी पडली की वाढणारे होमोसिस्टीन हे द्रव्य ज्यांच्या रक्तात अधिक होते त्यांना विशेष लाभ झाल्याचे दिसले. इंजेक्शने सुरू झाली, कानाला यंत्र बसविले, झोपेची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने बंद झाली. यथावकाश दादा वर्तमानपत्र वाचून त्यावर वाद घालू लागले. पायांची बधिरता मात्र पुरती गेली नाही, कारण उपचाराला विलंब झाला होता; आणि हा विलंब टळण्याजोगा होता, याचे मला आजही दुःख आहे.

सर्वांचेच नशीब असे नसते. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाची झीज खरोखर होते व ती थांबविण्याचा उपाय अद्याप नाही. म्हणूनच प्रथम साध्य कारणांची खातरजमा करावी: बी-12, थायरॉइड, साखर, रक्तदाब, श्रवण, मनाची उदासी, आणि घरात चालू असलेल्या प्रत्येक गोळीची यादी, त्यातही झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि लघवीच्या तक्रारीवरील गोळ्यांची. पूर्वीचा एमआरआय असल्यास तो मागवून दोन्हींची तुलना करण्याची विनंती करावी. एका चित्रापेक्षा दोहोंमधील फरक अधिक बोलतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब ताब्यात ठेवावा आणि नेमाने चालावे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात 120 वृद्धांपैकी ज्यांनी वर्षभर चालण्याचा व्यायाम केला त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, तर केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला.

मालमत्तेची तजवीज करावयाची असेल तर ती त्या माणसाच्या संमतीने, त्याला मसुदा वाचावयास देऊन करावी. मुखत्यारपत्र देणारा सज्ञान विचार करू शकतो तोवरच ते वैध राहते. तेव्हा पुढील काळासाठी मृत्युपत्र आणि बँकेतील संयुक्त खाते यांविषयी वकिलाचा सल्ला वेळीच घ्यावा, आणि त्या बैठकीत सर्वांत आधी त्याचे स्वतःचे म्हणणे ऐकून घ्यावे.